उभे वाटे, आडवं वावर

लग्न होऊन मी धामणगाव बढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेल्या एका खेड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवी होते. माझं माहेर खाली पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण माती म्हणाल तर काळीभोर आणि खोल. माझ्या बापाच्या वावरात पाखरू हाकलायला खडा शोधला तर सापडायचा नाही. आणि इथं सासरी पहिल्यांदा वावर बघायला गेले तर उतारावर पाय सटकला आणि नव्या लुगड्यासकट मुरमावर बसले. थोरल्या जाऊबाई हसून हसून बेजार झाल्या. मी मनात म्हटलं, बापानं मला शेतात दिलं की खदानीत?

तोंडाळ तर मी जन्मापासूनच. पण सासरी एक मोठी अडचण होती. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावांसमोर, तोंड उघडायचं नाही अशी रीत. पदर पुढं ओढायचा आणि बाजूला व्हायचं. मला भासरे दोन. आंघोळीचं पाणी तापलं हे सांगायचं असलं तरी मी दाराच्या चौकटीला सांगायची, "पाणी तापलं म्हणावं." मग चौकटीनंच निरोप दिल्यासारखे ते उठायचे. थोरले भासरे तर इतके रीतीचे की मी अंगणात असले तर खाकरल्याशिवाय पाऊल आत टाकत नसत. एका विहिरीचं पाणी पिऊन वर्षांमागून वर्षं गेली, पण त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द आला नाही आणि माझ्या तोंडून त्यांच्यासाठी गेला नाही.

सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. घर चालायचं आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या शब्दावर. बाई अंगानं काटकुळी, पण आवाज वावराच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. कमरेला तंबाखूची चंची आणि हातात काठी. काठी आधाराला नव्हती, बोट दाखवायला होती. पावसाळ्यात खालचा नाला तांबडा होऊन धावायला लागला की त्या मला मुद्दाम हाक मारून काठावर न्यायच्या आणि म्हणायच्या, "पाह्य व धाकटे, चालली आमची माती तुह्या बापाच्या वावरात. दरसाल उलटा हुंडा देऊन राह्यलो आम्ही." मी म्हणायची, "मंग मी आली ना त्याच्या बदल्यात." त्यावर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हा त्यांचा विनोद होता, पण खोटा नव्हता.

मी आले त्याच उन्हाळ्यात घराची वाटणी झाली. भावाभावांत कुरबुरी होत्या आणि दोष अर्थातच सुनांवर आला. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणाऱ्याच्या मनात खोट राहत नाही. पण वाटे कसे पाडायचे हे आत्याबाईंनी ठरवलं. आमचं वावर डोंगराच्या कण्यापासून सुरू होऊन खाली नाल्यापर्यंत उतरत होतं. वर नुसता मुरूम, मधे हलकी जमीन, आणि नाल्याकाठी काळी. आत्याबाईंनी बैलाचा नाडा थोरल्याच्या हातात दिला आणि वरून खालपर्यंत तीन उभे पट्टे पाडायला लावले.

"वरचा मुरूम तिघायले, खालची काळी तिघायले," त्या म्हणाल्या. "उद्या कोनी म्हनू नये का मायनं एकाले तूप अन् एकाले ताक देल्लं."

मग पट्ट्यांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीवर, त्यांनी स्वतःच्या हातानं दगड रोवले आणि त्यांना हळदीकुंकू लावलं. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. "मले वाटा कायले पाह्यजे? थोरल्याच्या घरी भाकर खाईन." गावात त्यांच्या या न्यायाची वाहवा झाली. तशी आमच्या भागात बहुतेकांची वाटणी अशीच उभी होती. ज्याला मुलं जास्त त्याचे पट्टे बारीक, एवढाच फरक.

आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आधी उचलला तो दक्षिणेकडचा पट्टा. विहीर तिकडून जवळ होती. त्या पट्ट्यात एक ओघळ होती, तेव्हा भांगाच्या रेघेएवढी. कोणी तिच्याकडे बघितलंही नाही. पण पट्टा अरुंद. त्यात बैल आडवे फिरवायचे म्हटलं तर चार पावलं गेले की वळवा, परत चार पावलं गेले की वळवा. म्हणून नांगर उभा, वखर उभा, पेरणीची तिफणही उभी. डोंगरावरून नाल्याकडे, सरळ खाली. तिन्ही भावांचं तेच. पावसाचं पाणी त्या तासांतून असं धावायचं की जणू आम्हीच त्याला वाट आखून दिली होती. आणि खरोखर दिलीच होती.

प्रत्येक पावसाळ्याला ती ओघळ वाढत गेली. आधी पाऊल मावेल एवढी होती, मग घागर मावेल एवढी झाली. एका साली निंदायला गेले तर मी तिच्यात उतरून उभी राहिले आणि पलीकडे काम करणाऱ्या जाऊबाईंना माझं फक्त डोकं दिसलं. त्या घाबरून ओरडल्या. मला हसू आलं, पण यांना आलं नाही. वरच्या मुरमाचीही सालं निघून चालली होती आणि मधल्या जमिनीत आता दगड दात दाखवायला लागले होते. त्या दिवशी भाकर खाताना हे म्हणाले, "आता अजून एक साल पाहू. वावर नाई टिकलं तर खामगावले जिनिंगवर जाऊ कामाले."

खामगावला माझा एक मावसभाऊ जिनिंगमध्ये होता. एका खोलीत घर, अंगभर रुई आणि बारमाही खोकला. आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत शिव्या देण्याइतकं ते वावर माझं झालं होतं. मला तो उतार सोडून जायचं नव्हतं. पण ओघळीला कोण सांगणार?

त्याच सुमाराला सरकारचं बंडिंग, म्हणजे माती अडवायला बांध घालायचं काम, आमच्या शिवारात आलं. तीन पायांची दुर्बीण घेऊन एक साहेब आले, बरोबर पट्टी धरणारी माणसं. त्यांनी डोंगराच्या अंगावर चुन्याच्या रेघा मारल्या आणि गावात लगेच आवई उठली की सरकार जमीन घेणार. रेघा सरळ नव्हत्या. डोंगर जिथं आत वळतो तिथं त्याही आत वळायच्या. थोरल्या भासऱ्यांनी विचारलं, "साहेब, रेघ वाकडी काऊन?" साहेब म्हणाले, "रेघ वाकडी असली तरी उंची एकच आहे. पाणी तिच्यावर आलं की थांबेल, इकडे तिकडे धावणार नाही." हे थोरल्यांना पटलं. त्यांना सगळंच एकसारखं असलेलं आवडायचं.

मग साहेबांनी सांगितलं की नुसता बांध पुरणार नाही, आता नांगरणी, पेरणी सगळं आडवं करा, बांधाला धरून. आत्याबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आडवं? इतकुशा पट्टीत बैल फिरवू का नाचवू?" साहेबांनी पट्ट्यांकडे पाहिलं, ते धुऱ्यावरचे कुंकवाचे दगड पाहिले आणि हसत विचारलं, "ही वाटणी कुणी केली, आजी?" "म्या," आत्याबाई म्हणाल्या, अशा आवाजात की साहेबांनी हसू गिळलं. चहा पिऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "वाटणी न्यायाचीच आहे. पण पाण्याला न्याय कळत नाही, उतार कळतो." आत्याबाईंनी कपबशी जरा जोरातच खाली ठेवली.

बांध मात्र झाले. गावातल्या कितीतरी बायामाणसांना त्या कामावर मजुरी मिळाली. आमच्या वावरावर बौद्ध वस्तीतल्या बायांची एक टोळी होती, बहुतेक माझ्याच वयाच्या. उन्हात खड्डे खणायचे, घमेल्यांनी माती वर टाकायची, आणि मग सगळ्याजणींनी बांधावर चढून ती पायांनी तुडवून बसवायची. तुडवताना त्या गाणी म्हणायच्या आणि मधेच एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करायच्या. पाणी द्यायच्या निमित्तानं मी दिवसातून कितीदा वर जायची, ते पाण्यासाठी थोडंच! आज आमचं वावर जागेवर आहे त्यात त्या पायांचा वाटा आहे, आणि तो आमच्या कोणत्याही वाटणीत निघाला नाही. म्हणून इथं सांगते.

बांध आडवे झाले, पण पट्टे उभेच राहिले आणि तिफणही उभीच चालत राहिली. प्रत्येक तासाला बांध आडवा यायचा. तिफण उचला, बैल वर चढवा, पलीकडे उतरवा, परत तिफण टेका. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मधले भासरे मुळात तापट. त्यांनी एक दिवस कुदळ घेतली आणि आमच्या धुऱ्याला लागून बांधाला खिंडार पाडलं, बैल निघतील एवढं. आमच्या यांनी ते पाहिलं आणि कानाडोळा केला. भावाशी भांडण नको म्हणून.

पेरणी पार पडली. ज्वारी चांगली उगवली. ती पोटरीला आली असताना एका दुपारी डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. आम्ही दोघं वावरातच होतो, खोपडीच्या आडोशाला. वरचं सगळं पाणी बांधाशी येऊन थांबलं आणि तिथंच चढत राहिलं. इथवर सगळं साहेब म्हणाले तसं झालं. मग त्याला खिंडार सापडलं. तिन्ही पट्ट्यांचं पाणी त्या एका तोंडातून खाली पडलं, थेट आमच्या ओघळीत. ओघळीच्या दोन्ही कडा ज्वारीसकट आत कोसळताना मी डोळ्यांनी पाहिल्या. हे फावडं घेऊन धावले, खिंडारात दगड टाकायला लागले, आणि पाण्यानं त्यांच्या हातातलं फावडंच ओढून नेलं. ते परत आले, डोक्याचा दुपट्टा पिळला आणि म्हणाले, "चाल घरी." मला त्यांचा राग आला नाही, पावसाचा आला नाही, मधल्या भासऱ्यांचाही नाही. मला फक्त खामगावची ती खोली दिसायला लागली आणि मी रस्ताभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर वावरात गोळा झालं. भावाभावांचं लागलं.

"दादा, बांध काऊन फोडला तू?"

"मंग बैल उडवत नेऊ का बे?"

"मले पुसाचं तरी! माह्यं वावर गेलं ना पुरं!"

थोरले मधे पडायला गेले तर दोघंही त्यांच्यावर उलटले. आम्ही तिघी जावा धुऱ्यावर उभ्या होतो. आणि आत्याबाई कुठंच नव्हत्या. तेवढ्यात खालून, नाल्यातून, त्यांचा तो आवाज आला. "या बे इकडे सारे!"

आम्ही खाली उतरलो. नाल्याच्या पात्रात, गाळात, त्या घोट्यापर्यंत रुतून उभ्या होत्या आणि काठीचं टोक एका दगडावर टेकलेलं होतं. त्यांनीच रोवलेला धुऱ्याचा दगड. पाण्यानं कुंकू धुऊन टाकलं होतं, पण दगड आम्ही सगळ्यांनी ओळखला.

"हा म्या रोवला," त्या म्हणाल्या. "माह्या तिन्ही लेकरायले सारखं भेटावं म्हनून रोवला. अन् हा पाह्य, नाल्यात पोहाले आला." त्या हसल्या नाहीत. मग मान वर करून उताराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "वाटे मोडा."

कोणाला काही समजेना. त्यांनी काठीनं हवेत आडवी रेघ ओढली. "उभे मोडा अन् आडवे पाडा. बांध हाच धुरा. मंग वखर बी आडवा चालीन अन् बांध फोडाचं कामच नाई."

मधल्या भासऱ्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "अन् वरचा मुरूम कोनाच्या वाट्याले?"

थोरले पायाखालच्या गाळाकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, इथंच अडलं आता, आम्ही चाललो खामगावला. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता मले बी वाटा पाह्यजे."

मुलांचे चेहरे पडले. आईनं वाटा मागायचा म्हणजे मुलांनी भाकर नीट दिली नाही असा गावात अर्थ होतो. थोरल्या जाऊबाई तर रडायलाच लागल्या. आत्याबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं.

"रडू नको व. तुही भाकर गोड हाये. पन वरचं ज्याच्या वाट्याले जाईन त्याचं मन खट्टू होईन, अन् मन खट्टू असलेला मानूस बांध राखत नाई. वरचा बांध फुटला का खालचं काईच राह्यत नाई. म्हनून वरचं मले. खालचे तीन तुमी तिघं घ्या."

मी तेव्हा पुष्कळ बायकांना पुष्कळ गोष्टी मागताना पाहिलं होतं. कोणी आपणहून मुरूम मागितलेला मी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं, आणि बाजूला पाहिलं तर आमचे हेही दुपट्ट्यानं तोंड पुसत होते, ऊन नसताना.

ज्वारी निघाल्यावर थोरल्यांनी खालचे तीन आडवे वाटे पाडले. वरच्या बाजूचा रुंद, खालचा काळा त्याहून अरुंद, असं तोलून तोलून. आत्याबाईंचा माथ्याचा पट्टा सगळ्यांत रुंद होता. आधी उचलायचा मान आमचा. मी जाऊबाईंच्या मागून यांच्याकडे बघून डोळ्यांनीच खाली, नाल्याकडे, खूण केली. यांनी काळा पट्टा उचलला. बापाच्या घरी होती तशी माती पायाखाली आली म्हणून मी त्या दिवशी अनवाणी तीत फिरून आले. खिंडार त्याच आठवड्यात मधल्या भासऱ्यांनी स्वतः बुजवलं, आणि खामगावचा विषय घरात परत निघाला नाही. पुढं खामगावला गेलो, पण ते पोरीच्या लग्नात चांदीची जोडवी घ्यायला.

आणि वर आत्याबाईंचा संसार सुरू झाला. संसारच म्हणते, कारण त्या तिथं तसंच वागायच्या. बांधाच्या पाठीवर त्यांनी केकताड, म्हणजे घायपात, लावलं, त्याच्या काट्यांमुळे गुरं चढत नाहीत. मधल्या जागेत तीळ आणि मटकी पेरायची, बाकी गवत. वखर आडवा. बांधाला घुशीचं बीळ पडलं की दगड ठोकून बुजवायचं आणि बुजवताना घुशीला माणसासारख्या शिव्या द्यायच्या. डोंगरातली सीताफळं पिकली की त्या ती घरी आणत नसत, बांधावर बसूनच खायच्या आणि प्रत्येक बी टाचेनं मातीत दाबायच्या. आम्हालाही तेच करायला लावायच्या. कोणी बी नाल्याकडे थुंकली तर त्याची खैर नसे.

मी माझ्या काळ्या वावरातलं काम उरकून वर जायची, त्यांच्याबरोबर बसायची. एकदा मी त्यांना छेडलं, "आत्याबाई, साऱ्यायले माती वाटली अन् तुमच्या नशिबी मुरूम आला." त्यांनी चंची उघडली, तंबाखू चोळली, आणि मग म्हणाल्या, "मुरूम तुले दिसते. मले येथून खालचे तिन्ही वावरं दिसतेत." त्या दिवशी मीही त्यांच्या शेजारून खाली पाहिलं. तीन वावरांत तीन जोड्या वखरत होत्या, तिन्ही आडव्या. मधल्या भासऱ्यांचे बैल आणि आमचे बैल धुऱ्याशी समोरासमोर आले तेव्हा दोघं भाऊ थांबून विडी पेटवताना दिसले.

ओघळीत आम्ही ठिकठिकाणी दगड रचले होते. दरसाल त्यांच्यामागे गाळ बसत गेला आणि काही वर्षांनी तिच्यात मी तूर पेरली. नाला पावसाळ्यात अजूनही तांबडा व्हायचा, पण आमच्या बाजूनं मिळणारं पाणी गढूळ कमी. मी आत्याबाईंना म्हणायची, "तुमी माह्या बापाचा हुंडा बंद केला." दुष्काळ आला त्या सालांत गावातली जनावरं कवडीमोलानं गेली. आमची सहाच्या सहा राहिली, कारण वरच्या बांधांना धरून उभं राहिलेलं आत्याबाईंचं गवत होतं. विहिरीला पाणी कमी झालं पण तळ उघडा पडला नाही. मी तेव्हा रोज पाणी शेंदताना वरच्या दिशेला मनातून हात जोडायची. देव तिकडंच असेल तर असेल, मला तिथं काठी घेतलेली म्हातारी दिसायची.

ती म्हातारी एका दसऱ्यानंतर गेली. फार त्रास न देता, फार त्रास न होता. आदल्या दिवशीसुद्धा बांधावरून फिरून आल्या होत्या आणि पायाला लागलेला मुरूम मी धुतला होता.

तेरवी झाल्यावर तिघं भाऊ माथ्यावर जमले, आम्ही बायका सीताफळीच्या सावलीला. आत्याबाईंचा वाटा आता तिघांचा. मधले भासरे आता निवळले होते, आवाजही उतरला होता. ते भलेपणानंच म्हणाले, "मायसारखंच करू. तीन उभे काप पाडा, कोनावर अन्याव नको." थोरल्यांनी मान हलवली. त्यांनी घरून नाडा आणलाच होता. आणि थोरले नाड्याचं एक टोक दगडाखाली दाबून खाली उतरायला निघाले, नाल्याच्या दिशेनं, सरळ.

त्या माथ्याचे तीन बारीक उभे पट्टे झाले की परत बैल आडवे फिरणार नाहीत. परत वखर उभा होणार, परत कोणीतरी बांधाला खिंडार पाडणार. खालचं सगळं त्याच वाटेनं जाणार. मला ते दिसत होतं, त्या बसायच्या तिथूनच दिसत होतं. काय करावं? जाऊबाईंच्या कानात सांगू म्हटलं तर त्या थोरल्यांना बाजूला बोलावणार, थोरले मधल्यांना विचारणार, मधले यांना, तोवर दगड रोवून झाले असते. आणि वावरात दाराची चौकट नव्हती.

मी उठले, पदर सारखा केला आणि बोलले. मोठ्यानं बोलले. "वरचं तोडू नका. वरचं सारंच आमाले द्या. आमचं खालचं काळं तुमी दोघं घ्या."

थोरले जागच्या जागी थांबले, पाठमोरे. जाऊबाईंनी माझं लुगडं मागून ओढलं. मी नवऱ्याला विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही, तरी बघितलं. ते आधी खाली काळ्या वावराकडे पाहत होते, जिथं आमची कपाशी फुटली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "थे म्हनते तसं."

"काळी सोडून मुरूम?" मधले म्हणाले. "आज तुमी दोघं खुशीनं म्हनून राह्यले, उद्या रडसान."

"मन खट्टू असलेला मानूस बांध राखत नाई, असं आत्याबाई म्हनत," मी म्हटलं. "माह्यं मन खट्टू नाई. मले त्यायच्या जागी बसाचं हाये."

थोरले वळले. दगडाखालचं टोक त्यांनी काढलं आणि नाडा सावकाश हातावर गुंडाळत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी पदर पुढं ओढायला हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण ते खाकरले नाहीत, दुसरीकडे तोंड करून बोलले नाहीत. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"धाकटे," ते म्हणाले, माझ्याशी, आणि नाडा माझ्या हातात ठेवला. "याचं आता वाटनीचं काम नाई. बैलाले बांध. अन् वखर आडवाच चालवजो."

"हाव, भाऊजी," मी म्हटलं.